चौऱ्याहत्तर टक्के

केमीला जानेवारीत दुपारी अडीचलाच अंधारून येतं.
बाबा दिवा लावत नाही.
आधी फोनवर बघतो, या तासाला विजेचा भाव काय चाललाय.
मग कपड्यांचं मशीन रात्री दोनवर लावतो,
साउना उद्यावर ढकलतो
आणि स्क्रीनच्या उजेडात राईचा पाव कापतो.

मी सातशे किलोमीटर खाली, तुर्कूत.
रविवारी आठला आम्ही फोन करत नाही,
शर्यत लावतो.
त्याची सीट भंगारातल्या साबची,
फळीवर बोल्ट मारून बसवलेली.
माझी म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची,
ब्रेक दाबला की मागे जाते, म्हणून भिंतीला टेकवलेली.

शिकवलं त्यानेच.
सरळ रस्त्यावर, गाडी भरात आल्यावर बूस्ट दाबायचा नाही,
तिथे सगळं वाराच खाऊन टाकतो.
वळणातून सुटताना दे,
गाडी जड असते, चाकं अर्धवट झोपेत,
तेव्हा चिमूटभर.
मूठभर नको, शेपूट फिरेल.
आणि बॅटरी भरायची ती ब्रेकवर.
उतारावर पाय लवकर उचल, ईनेस,
उचललेला पाय फुकट जात नाही.

एवढं सलग तो एरवी बोलत नाही.
कागदाची गिरणी बंद झाली त्या आठवड्यात
"हं" म्हणाला होता,
एकदाच.

काल पंधरा लॅप.
अकराव्यापर्यंत मी सगळं उधळून बसलेली,
कोपऱ्यातली निळी पट्टी नखाएवढी.
त्याची जवळजवळ काठोकाठ.
तो पुढे, सहा दशांश सेकंदांनी,
आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे.

मग मी हरल्यासारखं केलं.
बाराव्या लॅपला पाय आधीच काढला, ब्रेक लवकर धरला,
गाडी घरंगळू दिली वळणात,
थेंब थेंब गोळा करत.
अंतर दीड सेकंद. पावणेदोन.
आता दाब, म्हटलं मनात, दाब आणि नाहीसा हो,
मी काही धरू शकणार नाही तुला.

दाबला नाही त्याने.
तेराव्याला नाही. चौदाव्यालाही नाही.
शेवटच्या लॅपला, नदीकाठच्या त्या आखूड वळणावरून
मी साठवलेलं सगळं एकदम ओतलं.
शेपूट फिरलीच थोडी,
पण पुढे निघाले.

हेडफोनमध्ये चमचा कपात फिरत होता.
"बाबा, चौऱ्याहत्तर टक्के उरलेत तुझे."
"हं."
"कशासाठी ठेवले होतेस?"

मागच्या नाताळात विणून दिलेले लोकरी मोजे
अजून कागदात आहेत त्याच्याकडे.
मोठी थंडी पडली की काढीन, म्हणतो.
परवा उणे एकतीस होतं.

बराच वेळ काही नाही.
माझ्या खिडकीखालून बर्फ ओढणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून गेला.
मग तो म्हणाला, "पुढे एखादं वळण येईल, वाटलं."
"शेवटचा लॅप होता."
"ते दिसत होतं."

खुर्ची करकरली. पावलं.
लांबवर एक खटका, जुना, जाड,
साउनाचा. तो मी झोपेतही ओळखीन.
"भाव बघितलास का?" मी ओरडले.

माइक चालूच राहिला होता.
त्याची गाडी रेषेपलीकडे उभी,
निळी पट्टी तशीच,
आणि मागे कुठेतरी
कागद फाटल्याचा आवाज.