काट्याची साक्ष

सटिला नदीने टाकून दिलेलं एक वळण आहे,
चहाच्या रंगाचं पाणी, त्यात सायप्रसची वर आलेली ढोपरं.
त्याच्या काठावर माझं दुकान :
गांडुळं, बर्फ, उकडलेल्या शेंगा,
आणि गल्ल्याशेजारी सरकारी शिक्क्याचा काटा.

काटा घेतला त्या दिवशी वडील म्हणाले होते,
व्हर्ना, दोन पंजांमध्ये हवा धरून
मासा कुणीही वाढवून सांगतो.
ह्याला मात्र पंजे नाहीत.

चाळीस वर्षं मी ह्याच्याशेजारी उभी आहे.
पोटात शिशाच्या गोळ्या कोंबलेले मासे पाहिले,
नळीने पाणी पाजलेले पाहिले,
एकाच्या घशातून तर माझ्यादेखत
गाडीचा स्पार्क प्लग घरंगळला.
दोन औंसांसाठी माणूस किती हलका होतो
ते मोजायची सोय ह्या काट्यात नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी अलॉन्झा मीक्स आला
आणि त्याचा नातू जेरिको, वय दहा.
दोघांच्या मध्ये बाळाचा प्लास्टिकचा टब,
निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं,
उरलेल्यात बास.
मोठ्या तोंडाची मादी,
पोट असं की कलिंगड गिळलं असावं.

काटा जरा हेलकावला, मग थांबला.
बावीस पौंड, अकरा औंस.
फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.
डीन क्रम्पलरने टोपी काढली,
जो प्रार्थनेलाही काढत नाही.

मग फोन. मग गाड्या.
कुणी म्हणालं बोट मिळेल, कुणी म्हणालं घर,
कुणी पोराच्या शर्टावर कंपनीचं नाव कुठे बसेल
ते वितीने मोजूनसुद्धा घेतलं.
मी अर्ज काढला.
दोर किती ताकदीचा?
साक्षीदार कोण?
काटा शेवटचा कधी तपासला?
गळ कुठे लागला होता?

"तोंडापाशी," अलॉन्झा म्हणाला.
"शेपटीच्या अलीकडे," जेरिको म्हणाला.
"तिने खाल्लंच नाही काही.
मी दोर गुंडाळत होतो, ती मध्ये आली."

अलॉन्झा जमिनीवरच्या ओल्या पावलांकडे बघत राहिला.
"लिही ना तोंडात," क्रम्पलर कुजबुजला,
"मासा थोडाच कोर्टात उभा राहणार आहे."

पेन माझ्या हातात होतं.
नियम मला पाठ आहे :
गळ तोंडात हवा, तरच मासा धरला गेला म्हणायचं.
इतकी वर्षं वाचला, त्या दिवशी कळला.
तिने स्वतःहून फसायला हवं,
भूक लागून, तोंड उघडून,
तर आमचा पराक्रम.
नुसती वाटेत आली
तर ती कितीही मोठी असो, कुणाचीच नाही.

आणि पोटातल्या त्या अंड्यांचं काय?
दोनेक पौंड सहज असतील.
ती कुणाच्या नावावर चढवायची?
अर्जात त्याला रकाना नव्हता.

टबात ती एका अंगावर कलू लागली होती.
तिच्या नावातच बास आहे,
पण एवढ्या गर्दीत बास म्हणायला कुणी तयार नव्हतं.
पोराने कोपरापर्यंत हात घातला,
तिला सरळ धरलं, म्हणालं,
"बास झालं. दमलीय ती."

नेली परत. गर्दीने वाट दिली,
दोघांनी शिव्या दिल्या,
एका बाईला उगाचच रडू आलं.
पाण्याने तिला घेतलं
आणि लगेच मिटलं.

अर्जात मी पोराचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.
उत्तर दीड ओळीचं आलं, अपेक्षेप्रमाणे.
त्या संध्याकाळी रिकामं ताट तीन औंस दाखवत होतं,
तिचं पाणी.
फडकं हातात होतं, तरी तसंच राहू दिलं.

एप्रिलमध्ये तपासनीस आला,
पितळी वजनं एकेक करून ठेवली, काढली,
नवा शिक्का चिकटवला.
"मापात पाप नाही," म्हणाला.
"मापात कधीच नव्हतं," मी म्हटलं.

त्याच्यामागे जेरिको उभा होता,
मूठभर नाणी घेऊन, गांडुळांसाठी.
डझन मोजून दिली.
वर एक.