दार कुठल्या बाजूला

खुर्च्या साठ मांडल्या होत्या, माणसं आली नव्वद.
ब्रॉनविननं मुलांच्या विभागातली ठेंगणी स्टुलं ओढून आणली,
त्यांतलं एक माझ्या वाट्याला:
गुडघे हनुवटीला, मांडीवर ओली छत्री,
आणि पुढच्या दोघींच्या डोक्यांमधल्या फटीत
थेल्मा क्रॅडॉक.
एकेचाळीस कादंबऱ्या.
विमानतळावर घेतल्या जातात, इस्पितळात मागे राहतात,
आणि आपल्या हाती येईतो
शेवटचं पान कुणीतरी नेलेलं असतं.

फोटोतल्यापेक्षा बुटकी. पायात डोंगर चढायचे बूट.
माइक नको म्हणाली,
तिसऱ्या वाक्याला हवा म्हणाली.

सांगत होती: वडील कागदगिरणीत, रात्रपाळीला,
कडेचे कातरलेले पट्टे घरी आणायचे,
हातभर लांब, चार बोटं रुंद.
“म्हणून माझी वाक्यं आखूड.”
हे ती मेलबर्नलाही सांगत असणार
आणि तिथे नीट हशा पिकत असणार.
इथे तो अर्ध्यावरच अडला,
कारण इथल्या निम्म्या लोकांचे बाप त्याच पाळीला होते,
आणि पट्टे आमच्याही घरी यायचे.
आम्ही त्यांनी शेगडी पेटवायचो.

सतरा प्रकाशकांनी नाकारली, म्हणे, पहिली कादंबरी.
अठराव्यानं घेतली,
पण नायिकेचं नाव बदलायला लावलं.
“आधीचं काय होतं?” मागून कुणीतरी विचारलं.
ती थांबली.
खरंच आठवेना तिला.
पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.
त्या संध्याकाळी तेव्हा पहिल्यांदा
मला ती आवडली.

मग मर्व्ह लॉव्हेल उठला.
छत्तीस वर्षं लगद्याच्या यंत्रापाशी,
एक कान कामातून गेलेला, म्हणून बोलणं ओरडूनच.
प्रश्न नव्हता, तक्रार होती.
“तुमच्या तिसऱ्या पुस्तकातली ती धक्क्याजवळची बेकरी.
दार डावीकडे लिहिलंय तुम्ही.
दार उजवीकडे होतं.
माझ्या बायकोनं अकरा वर्षं काढली तिथे.”

लोक चुळबुळले. ब्रॉनविननं घड्याळ पाहिलं.
“ठाऊक आहे मला,” थेल्मा म्हणाली,
“उजवीकडेच होतं.
पण मग गल्ल्यावरच्या बाईला
निघून जाणाऱ्याची पाठ दिसली नसती.
तिला ती दिसायला हवी होती.”

मर्व्हनं चांगला कान पुढे केला.
तिला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं,
आणि मोठ्यानं सांगताना
ते वाक्य जरा उघडं पडलं.
“हं,” तो म्हणाला. “मग असू दे डावीकडे.”
लगेच बसला मात्र नाही.

सह्यांच्या रांगेत मी त्याच्यामागे.
त्याच्या हातात वाचनालयाचीच प्रत, शिक्क्याची.
हिच्यावर सही चालत नाही, ब्रॉनविन म्हणाली.
थेल्मानं केली. कुणाच्या नावे?
“डोरीन,” तो म्हणाला. मग, “नाही, डॉट.
डॉटच लिहा.”
माझ्यापर्यंत येईतो पेनातली शाई संपत आलेली;
माझ्या नावाचं शेवटचं अक्षर
नुसतं कोरलंय,
पान दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसतं.

घरी जाताना मुद्दाम धक्क्याच्या रस्त्यानं गेले.
बेकरीच्या जागी आता टायरचं दुकान,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शटर.
समुद्रावरून खारा गारठा येत होता.
समोर मर्व्हची गाडी उभी, दिवे विझवलेली,
आत तो, टोपी न काढता बसलेला.
मी हात केला नाही.
त्याची मान किंचित वळलेली होती.
कुठल्या बाजूला, ते
काच धुरकटल्यामुळे
मला नीट दिसलं नाही.