लालबागचं फाटक

लीड्सहून मृण्मयी फोनवर विचारते,
“इकडे वाद पेटलाय, आजोबा.
राजा ठेवावा की काढावा?”

मी लालबागच्या फाटकाशी उभा.
लंडनच्या राजवाड्याच्या फाटकाचं म्हणे
हे जुळं भावंड,
बोटीतून इंदूरला आलेलं.

तनखे बंद झाले तेव्हा
भिकूकाका दोन दिवस जेवला नाही.
तिसऱ्या दिवशी रॉकेलच्या रांगेत
माझ्यापुढे, डबा घेऊन,
आणि “सरकार” म्हणताना
आवाज तेवढाच खाली.

काय सांगू?
परवा मंत्र्याची गाडी गेली, रिकामी,
ड्रायव्हर एकटा, शेंगा खात.
माझा हात आपोआप कपाळाशी.

“थंडी किती आहे गं तिथे?” मी विचारतो.
सळईवरून हात काढतो.
तळव्यावर गंज.