विध्यर्थ

महापे, एमआयडीसी, तिसरा मजला.
बाहेर मे महिना, आत एकोणीस अंश.
स्वेटर घालून बावीस वर्षं
मी सर्व्हर उभे केले, एकेक,
प्रत्येकाचं बारसं केल्यासारखे.

खाकी कव्हराची वही होती.
पान अकरा: आधी पॅकेज, मग युजर, मग फायरवॉल.
समासात लाल शाईनं: पोर्ट विसरू नकोस, गाढवा.
हे मीच मला.

तृषाली मढवी फेब्रुवारीत आली.
वही चाळली, आदरानं मिटली, म्हणाली,
सर, काय करायचं ते सांगू नका मशीनला.
काय असायला हवं, ते सांगा.

मला एकदम बेलापूरची शाळा आठवली.
व्याकरणाचा तास, आणि खिडकीबाहेर
खाणीतला सुरुंग कधी उडतो याची वाट बघणारा मी.
आज्ञार्थ: कर. टाक. उघड. थांब. परत कर.
विध्यर्थ: हा युजर असावा.
ही फाइल अशी असावी.
हे दार बंद असावे.
सुरुंग तेव्हा उडाला असणार,
कारण पुढचं काही आठवत नाही.

तीन दिवस नुसते समास आखण्यात गेले.
दोन जागा, चार जागा, पुन्हा दोन.
एक टॅब पडला की सगळं यॅमल रुसून बसायचं,
आणि कुठल्या ओळीवर रुसलंय
तेही धड सांगायचं नाही.

मग एका संध्याकाळी प्लेबुक चाललं.
चाळीस नावं सरसर वर गेली, पिवळी पिवळी.
जे मला दोन महिने पुरायचं
ते चहा निवायच्या आत.
मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर ती म्हणे,
आता परत चालवा.
झालंय की सगळं!
म्हणूनच.

सगळं हिरवं.
बदल: शून्य. बदल: शून्य. चाळीसदा शून्य.
मी गप्प बसलो.
माझ्या हातून दुसऱ्यांदा केलेलं
काहीच कधी बिघडल्याशिवाय राहिलं नाही.
मीठ टाक, म्हटलं की आमटीत दोनदा पडतं.
मीठ असावं, म्हटलं की
आधी कुणीतरी चव घेतं.

घरी जाताना घणसोलीचे सेक्टर पाहिले.
सिडकोही यांना नोडच म्हणते.
एकाच नकाशातून काढलेल्या शंभर खोल्या,
आणि आता कुणाची गॅलरी बंद, कुणाला वर पत्रा,
कुणाच्या जिन्याखाली शिवणयंत्र.
तृषाली याला ड्रिफ्ट म्हणते.
मी म्हणालो, माणसं राहायला आली, इतकंच.
ती हसली. तिचं घर गावठाणात.
आमचं तर नकाशाच्या आधीचं, सर.

नवव्या दिवशी सतरा नंबर पडला.
डिस्क तुडुंब.
शेवटी नाबरांना फोन लावला, कुडाळला.
मागे कुणीतरी काजूच्या बिया ओतत होतं.
सतरा? अरे, तो रात्री तुंबतो.
मी त्याला एक ओळ दिली होती,
तीन वाजून दहा मिनिटांची.
कुठे लिहून ठेवली नाहीत?
त्याच्यातच लिहिली होती ना!

बरोबर. त्याच्यातच होती.
आणि आमच्या प्लेबुकात ती नव्हती,
म्हणजे ती नसावी,
म्हणून ती पुसली गेली, अगदी नियमानं,
कसलाही आवाज न करता.
निवृत्त होताना नाबरांना आम्ही शाल दिली होती.
विचारलं काहीच नव्हतं.

ओळ परत घातली. चार जागा सोडून.
वर टीप लिहिली:
नाबरांनी दिलेली. काढू नये.

चालवलं. एक पिवळा, एकोणचाळीस हिरवे.
परत चालवलं. शून्य.

काढू नये, हासुद्धा विध्यर्थच बरं का,
मी तृषालीला सांगितलं.
तिनं स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं,
आणि डब्यात काय असावं?