पार्सलला तासभर लागंल

पाटीवर आधी नुसतं 'अर्जेंटिना' होतं.
पोरं फुटबॉलचे टी-शर्ट विचारायला यायची.
मग लक्ष्मीपतीनं खाली चुन्यानं वाढवलं :
भाजलेलं मटण, कोंबडी. फक्त पार्सल.
आणि त्याच्याही खाली, बारीक :
मसाला मिळणार नाही.

सोलापुरात हे लिहायला छाती लागते.

टॉवेलच्या कारखान्यातून सुटले की बुधवारी
पाण्याच्या टाकीपाशी मी गाडी लावते.
मे महिना. साडेसात वाजून गेलेत तरी
भिंती दिवसाचं ऊन परत करतायत,
आणि हा माणूस बाभळीच्या निखाऱ्यांसमोर
घामानं निथळत, अजिबात घाई नसलेला.
"तासभर लागंल बघा, आक्का.
गडबड असंल तर पुढं चायनीज हाय."
डिलिव्हरीचा पोरगा दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला.
मी बसते उलट्या कॅरेटवर.

जाळी त्यानं बापाच्या मागातून काढलीय.
भंगारवाला किलोवर मागत होता.
यानं वेल्डिंगवाल्या मुस्तफाला खडूनं फरशीवर दाखवलं :
चाक इथं, साखळी इथं,
फिरवलं की जाळी वर, सोडलं की खाली.
जे चाक इंच इंच चादर गुंडाळायचं
ते आता बोकडाच्या बरगड्या
आचेपासून चार बोटं लांब धरतं.

अकरा वर्षं मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात होता.
रोसारियो नावाच्या बंदरात सोयाबीनसाठी
सतरा दिवस अडकले, तेव्हा गोदीचा पहारेकरी एउसेबियो
ह्याला रोज संध्याकाळी विस्तवापाशी बसवायचा.
भाषा एकाची एकाला येत नव्हती.
तळहात निखाऱ्यावर धरायचा आणि मोजायचं,
सातापर्यंत सोसलं तर मांस ठेवायचं.
बस, एवढीच विद्या.
लक्ष्मीपती अजून मोजतो, घरच्या तेलुगूत :
ओकटि, रेंडु, मूडु...
आरूला हात मागं घेतला तर निखारे पसरतो.
मीठसुद्धा जाडं, आणि तेवढंच.
चरबीचा थेंब पडतो, चर्र होतं,
रांगेतले चौघं एकदम गप्प होतात.

सोबत हिरवी चटणी बाटलीतनं :
कोथिंबीर, लसूण, ओव्याची पानं, व्हिनेगर, तेल.
तिचं खरं नाव तो सांगतो चिमिचुरी.
पेठेत तिचं चिमणचुरी होऊन गेलंय.

पुडा वर्तमानपत्रात, बांधायला टॉवेलच्या काठाची चिंधी.
मी ती चिमटीत धरून बघते, सवयीनं,
धागे मोजायची. आमच्याच कारखान्याची.
मग पुडा पायांपाशी ठेवून गाडी हाकते
आणि प्रत्येक सिग्नलला
शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे वळून बघतो.

नायनाला ऐकू येत नाही.
चौतीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेले.
गच्चीवर चटई, कडक भाकरी, कांदा.
पहिला घास त्यांनी बराच वेळ घोळवला.
मी तोंडाकडे बघत होते.
"कोरं आहे," म्हणाले.
रंगात न बुडवलेल्या कापडाला म्हणतात तसं.
वाईट म्हणाले की चांगलं, कळेना.
पण बरगडी उचलली, दाताच्या उरलेल्या बाजूनं सोलली,
हाड चोखलं, ठेवलं, पुन्हा उचलून बघितलं
काही राहिलंय का. राहिलं नव्हतं.
बोटांना लागलेला धूर धुवायला ते उठलेच नाहीत.

मी ओरडून, हातवारे करून चाकाचं सांगितलं.
"कुणाच्या मागाचं?"
"येमुलांच्या!"
"नरसय्याचं? ते डावीकडं ओढायचं."

पुढच्या बुधवारी गाडीवर मागं बसून आले.
पाटी वाचली नाही, नमस्कार नाही,
सरळ जाऊन चाकावर तळहात ठेवला.
लक्ष्मीपतीनं जाळी वर घेतली, खाली घेतली.
"कुरकुरतंय," नायना म्हणाले. "तेल घाल."
आम्हा कुणालाच ऐकू आलं नव्हतं.
त्यानं घातलं, चटणीच्याच बाटलीच्या शेजारचं.
मग तासभर दोघं
काही न बोलता निखाऱ्याकडे बघत बसले.

पुडा हातात आल्यावर नायनांनी तो तिथंच सोडला,
सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली,
शेंगाचटणी,
आणि बरगडीवर सढळ हातानं भुरभुरली.

लक्ष्मीपतीनं तेवढ्यात
आगीकडं तोंड फिरवलं होतं.
मोजत होता.