मांडीवर घेतलेला हात

शेंदुरजन्याच्या नर्सरीत मी डोया बांधो.
जंबुरीच्या खुंटाले चाकूनं चीर द्यायची,
साल हळूच उघडायची, आत संत्र्याचा डोया सरकवायचा,
वरून पट्टी. दिवसाले आठशे.
म्हणून झाडे डॉक्टर कागदावर चित्र काढू लागला
तवा मी म्हटलं,
राहू द्या साहेब, समजलं.

हंगामात कोटिंगच्या मशीनीवर गेलती.
पट्ट्यानं हात ओढला,
उजव्या हाताची पाठ सोलून नेली,
संत्र सोलावं तशी.
आतल्या शिरा उघड्या, पांढऱ्या, सुतळीवानी.
नुसती चामडी लावली तं शिरा चिकटतीन, म्हणे,
बोटं वयणार नाई. चरबीसकट जितं पायजे, मांडीचं.
तीन बाजूनं कापलं. चौथी तशीच ठेवली,
तिच्यातून रगत येत राह्यलं पायजे.
अन् हात नेऊन मांडीवर शिवून टाकला.

एकवीस दिवस, म्हणे.
आमची पट्टीबी एकवीस दिवसानंच सुटते.

बाजूच्या खाटेवरची गिरजाबाई रोज इचारे,
काय वं पंचफुला, झोपलं का लेकरू?
मी म्हणो, आत्ताच झोपलं, बोलू नको.
कूस बदलता येये ना.
घरच्यानं वेणी घातली, जिंदगीत पयल्यांदा,
वाकडी. मी आरसा मांगतला नाई.

सासू जितेपणी म्हणे, दिराचा पोरगा मांडीवर घे.
नाई घेतला.
रात्री पंख्याच्या आवाजात हात जड जड लागे,
कोणाचा आहे तेबी समजे ना.

तोडायच्या आधी मुळाशी रबर आवळून पाह्यलं,
काया पडते का म्हणून.
मी सिस्टरले इचारलं, हिरवा हाये का?
ते हासली. गुलाबी हाये, म्हणे.

आता हाताच्या पाठीवर फिक्कट ठिपका, तयहाताएवढा,
त्याले ऊन कधी माहीत नव्हतं.
आपली मांडी आपण उघडी करू नये म्हणते.
वरूडच्या गाडीत कंडक्टर सुट्टे पैसे देते,
त्याचं बोट नेमकं तिथंच लागते,
जे जागा घरच्यानंबी उजेडात पाह्यली नाई.
पहिले पहिले मी पदराखाली हात घेवो.
मंग गाडीत गर्दी राहे, दांडा धरा लागे.

लागलं तरी समजे ना पण.
भाकर थापताना चटका बसला,
वास आला तवा पाह्यलं.

या साली परत नर्सरीत बसली. आठशे नाई, दीडशे होते.
काल जंबुरीचा काटा रुतला, बरोबर त्या ठिपक्यात.
दुखला.
मी काढला नाई लगेच.
शेजारची म्हणे, काय वं, काय पाहून रायली?