मागं काही जोडलेलं नाही

पूर्ण्यात, स्टेशनाच्या मागच्या गल्लीत
माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
काउंटरवर दीड वीत लांबीचं डिझेल इंजिन,
पोटात रुपयाएवढा स्पीकर
आणि नखाएवढी चिप, तिच्यात मी कोंबलेत
आठही नॉच, भोंगा, कॉम्प्रेसर,
ब्रेक सुटतानाचा सुस्कारा.

मौलाली चाचा आले होते चार्जरची पिन बदलायला.
एकतीस वर्षं मीटरगेज, पूर्णा ते अकोला.
डावा कान नोकरीतच गेला.
उजवा माझ्याकडे करून म्हणाले, लाव.

दुसऱ्या नॉचपर्यंत गप्प होते.
मग विचारलं, "हे कुठलं हाय?"
खरंच आहे चाचा, खऱ्या इंजिनाचं,
शेडमध्ये उभं असताना घेतलेलं.
"तेच की. उभं हाय ते.
मागं काही जोडलेलं नाय."

मग सांगत बसले.
नुसतं उभं असलं तरी ते सरळ नाही बोलत, लंगडतं,
तीन ठोके देतं, चौथा अर्धा गिळतं.
हँडल ओढलं की आधी आवाज वाढतो,
चाक मागाहून, मनात आलं तर.
आणि बोल्ड्याच्या पुढं चढाला
"आवाज इंजिनाचा नसतो बेटा, डब्यांचा असतो.
मिठाचा वेगळा, सरकीचा वेगळा,
माणसांचा वेगळा."
माणसांचा कसा?
"माणसं हलतात."

चहा आला. त्यांनी ग्लास मुद्दाम
इंजिनाला चिकटवून ठेवला, नॉच पाचवर न्यायला लावला.
चहा ढिम्म.
"पाचला डबा चालत जायचा आमचा, भाकरीसकट.
एका हातानं धरून जेवायचं."
चार्जर घेतला, वीस रुपये ठेवले, गेले.

मेलेल्या फोनांची एक बरणी आहे माझ्याकडे.
त्यातल्या चार फोनांची थरथरणारी मोटर काढली,
इंजिनाच्या पोटात बसवली, तारा केसाएवढ्या.
चौथा ठोका कापला, अर्धाच, सतरा वेळा.
पहिल्यांदा फार कापला गेला, उचकी लागल्यासारखा.
बायको म्हणाली, एवढ्यात एखादं गिऱ्हाईक बघितलं असतं.
खरं होतं ते.

शुक्रवारी नमाजानंतर चाचा आले.
या वेळी कान दिलाच नाही त्यांनी,
तळहात ठेवला टपावर.
एक. दोन. तीन.
चौथ्याला उजव्या खांद्यावरून मान मागं वळली,
गार्डाची झेंडी बघावी तशी.
मागं गल्ली होती, पाण्याचा टँकर,
आणि एक पोरगं टायर ढकलत चाललेलं.
पाच. ग्लासात चहा शहारला.
सहा

आणि लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला.
इंजिन एकदम. खटकन.
अंधारात चाचांचा आवाज आला,
"असं नाय मरत ते.
आधी खोकतं."

मोबाइलच्या उजेडात मी बिलबुकाच्या पाठीवर लिहून घेतलं:
बंद होताना खोकला.
किती वेळा, विचारायला मान वर केली,
तर हात अजून टपावरच होता.